पिलबाग

अँटवर्पच्या बंदरात एकवीस वर्षं
मी दुसऱ्यांची केळी पिकवली.
बंद खोल्या, सतरा अंश, मोजून सोडलेला वायू,
आणि फणीफणीवर टिकली :
इक्वेडोर, कोस्टारिका, कॅमेरून.
टिकली निघालेली फणी बाजूला काढायची,
हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

पुढे मीही तिथलाच झालो. शपथ नव्हती,
नगरपालिकेच्या काउंटरवर नुसती एक सही.
बाईनं आडनाव तीनदा विचारलं. झोपे.
ती 'झोप' म्हणाली, मी मान हलवली.
सही वाळायच्या आत इकडचं गेलं होतं,
कायदा तसाच आहे, विचारत नाही.
मला ते दिसलं सहा महिन्यांनी, वकिलातीच्या खिडकीत :
पासपोर्ट आत गेला, कोपरा छाटून बाहेर आला.
वरचे सिंह शाबूत.

सावद्याहून यमुनाताई फोनवर :
"म्हंजे तू आता पाव्हना?"
म्हटलं, आजन्म येता येईल असं कार्ड मिळतं.
"पाव्हन्याले जलमभर कोनी ठेवत नई, मुरली."

जळगावच्या कलेक्टर कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
एक बाक आहे. मधली फळी सैल.
वर्षभर देश न सोडता राहिलो, मग तिथे बसलो.
शेजारी खियलदास, घोटकीहून आलेले,
सतरा वर्षांच्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत.
त्यांनी विचारलं, तुम्ही कुठून?
म्हटलं, सावद्याचा.
सावद्याचा माणूस ह्या बाकावर कसा,
हे त्यांना सांगताना माझा आवाज लहान झाला.
ते हसले नाहीत. नुसतं म्हणाले,
"हमारे पास देने के लिए भी नहीं था, भाई."
आणि पिशवीतून मला दालमोठ दिली.

मग तिकडचं सोडल्याचा कागद आला,
इकडचा आला नव्हता.
त्रेचाळीस दिवस मी कोणाचाच नव्हतो.
थंडी पडली होती. भाच्यानं मळ्यात भरीत लावलं.
पऱ्हाटीच्या जाळात वांगी फुटत होती,
कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात,
चाळीस माणसं केळीच्या पानावर.
मी मोजत होतो, ह्यातला एक बिनटिकलीचा.
वाढणाऱ्यानं माझ्या पानावर दोनदा तिखट टाकलं,
एकदा नको म्हटल्यावर.

नंतर भाचा बागेत घेऊन गेला.
घड उतरलेलं खोड त्यानं अर्ध्यावर कापलं,
उपटलं नाही.
का ठेवलं, विचारलं तर म्हणाला,
"पिलाले पानी पाजतं ते, वाळेलोक."
खाली एक पिलू उभं, विळ्याएवढं.
हेच झाड का दुसरं,
हे त्याला विचारायचं राहून गेलं.

तडवी मॅडमनं नाव पुकारलं :
मुरलीधर नथ्थू झोपे. बरोबर पुकारलं.
उभं राहून शपथ वाचली.
सातवीत प्रार्थनेला जी प्रतिज्ञा घोकली होती
तिला कोणी पुरावा मागितला नव्हता.
इथे दोन साक्षीदार, फोटो, आणि हात थोडा हलत होता.

प्रमाणपत्रावर एक शब्द आहे : नोंदणीने.
मी तो बोटानं झाकून पाहिला.
जन्मानं होतं ते परत येत नाही, मॅडम म्हणाल्या,
हे नवीन धरायचं.
शिक्का ओला होता, जपून धरा म्हणाल्या.

बाकावर खियलदास होतेच.
त्यांनी कागद हातात घेतला नाही,
जवळ वाकून फक्त वाचला, शेवटपर्यंत,
मागची बाजूही.
मग पिशवीची गाठ पुन्हा घट्ट केली.

खाली चहावाल्याला दोनशेची नोट दिली.
सुटे नाहीत म्हणाला,
उद्या द्या. उद्या येसानच ना?